धागा: फ्लोरिडाची ५३७ मते – फेरमोजणी नेमकी कुठे फसली?

गोदाकाठ (धागाकर्ता)

विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. राज्यातला सगळ्यात कमी फरक. तेव्हापासून कॉलेज रोडच्या कट्ट्यावर काय नि लग्नाच्या पंगतीत काय, एकच वाक्य कानावर येतं: "एवढ्याशा फरकाला फेरमोजणी व्हायलाच पाहिजे, म्हणजे खरं काय ते कळतं." पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. दुसऱ्या अर्ध्याबद्दल हा धागा. त्यासाठी अमेरिकेच्या २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

तिथे अध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर ठरत नाही. राज्यागणिक प्रतिनिधी-मतं असतात आणि बहुतेक राज्यांत जो पुढे, त्याला त्या राज्याची सगळी मिळतात. फ्लोरिडाची २५ होती. बाकी देशाचा हिशेब असा अडला की फ्लोरिडा ज्याचा, अध्यक्षपद त्याचं. ७ नोव्हेंबरच्या संध्याकाळी वाहिन्यांनी फ्लोरिडा अल गोर यांना दिला, दोन-सव्वादोन तासांत परत घेतला, मध्यरात्रीनंतर दोन वाजून गेल्यावर जॉर्ज बुश यांना दिला. गोर यांनी बुशना फोन करून अभिनंदन केलं, पराभव मान्य करायच्या भाषणाला निघाले, आणि फरक झपाट्याने कमी होतोय हे कळल्यावर पुन्हा फोन करून ते अभिनंदन मागे घेतलं.

पहिल्या मोजणीत बुश १,७८४ मतांनी पुढे होते. एकूण मतदान साठ लाखांच्या घरात. फरक अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नसला की यंत्रावरची फेरमोजणी आपोआप, असा तिथला कायदा. त्यात फरक तीनशेच्या घरात आला. परदेशातून आलेल्या टपाली मतांनी तो ९३० वर नेला. २६ नोव्हेंबरला राज्याने अधिकृत म्हणून जाहीर केला तो आकडा ५३७. बुश २९,१२,७९० आणि गोर २९,१२,२५३.

आता कळीचा मुद्दा. फ्लोरिडाच्या बऱ्याच काउंटींमध्ये (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा) मतदान भोकं पाडायच्या कार्डावर होतं. मतदार अणकुचीदार टोच्याने आपल्या उमेदवारासमोरचा आधीच कातरलेला बारीक चौकोन ढकलून पाडतो आणि यंत्र त्या भोकातून आरपार जाणारा प्रकाश वाचतं. चौकोन पूर्ण पडला तर प्रश्नच नाही. पण एका कोपऱ्यावर लोंबकळत राहिला तर? दोन कोपऱ्यांवर? नुसताच फुगलाय, कागद फाटलेला नाही, तर? यंत्र अशी कार्डं 'मत नाही' म्हणून बाजूला टाकतं. हाताने मोजणाऱ्या माणसाला मात्र ठरवावं लागतं.

ठरवायचं कसं? कायद्यात एवढंच होतं की मतदाराचा हेतू स्पष्ट दिसला पाहिजे. त्यामुळे पाम बीच काउंटीत मोजणी सुरू झाली ती १९९० च्या जुन्या नियमाने: चौकोन सगळ्या बाजूंनी चिकटलेला असेल तर मत धरायचं नाही. मग तो नियम सोडून 'उजेड दिसतो का' हे बघायला लागले. मग पुन्हा जुन्यावर आले. मग न्यायालयाने सांगितलं की असा सरसकट नियम लावूच नका. शेजारच्या ब्रॉवर्ड काउंटीत त्याहून सैल माप चाललं होतं. कार्ड एकच, पण एका इमारतीत ते मत आणि दुसऱ्या इमारतीत रद्दी.

माझं म्हणणं एवढंच आहे. मत कशाला म्हणायचं हे मोजणीआधी ठरलेलं नसेल, तर फेरमोजणीतून खरं बाहेर येत नाही. बाहेर येतं ते मोजणाऱ्याचं माप. आणि निकाल डोळ्यांसमोर दिसत असताना माप ठरवायला बसलात, तर दोन्ही बाजूंना पक्कं माहीत असतं की कुठलं माप आपल्या सोयीचं आहे. तिथून पुढे प्रामाणिक माणसालाही प्रामाणिक राहणं अवघड जातं.

दुसरी गोष्ट, आणि ती मला जास्त टोचते. गोर यांनी ६७ पैकी फक्त चार काउंटींत हाताने मोजणी मागितली: पाम बीच, ब्रॉवर्ड, मायामी-डेड आणि व्होलुशिया. चारही त्यांच्या पक्षाला अनुकूल. प्रत्येक मत मोजा, ही मागणी फार मोठी होती. ती चार ठिकाणांपुरती करून त्यांनी स्वतःच तिचं बळ घालवलं. सबंध राज्याची मागणी त्यांनी पहिल्याच दिवशी कायदेशीर अर्जात का केली नाही, याला सल्लागारांकडे मुदती आणि डावपेचांची कारणं होती. मला ती पटत नाहीत.

पंचवटीकर

सविस्तर लिहिलंत, पण सगळा दोष गोरांच्या पदरात टाकलात. निकाल प्रमाणित करणाऱ्या कॅथरीन हॅरिस या फ्लोरिडातल्या बुश प्रचाराच्या सहअध्यक्षा होत्या, हे का गाळलं? राज्याचे गव्हर्नर जेब बुश म्हणजे उमेदवाराचे सख्खे भाऊ. पाम बीचवाले २६ तारखेच्या संध्याकाळी पाचची मुदत अवघ्या दोन तासांनी चुकले. सकाळपर्यंत थांबा म्हणाले, तर नाही मिळालं, आणि त्यांनी मोजलेलं सगळं बाहेर ठेवलं. मायामी-डेडमध्ये २२ नोव्हेंबरला मोजणीच्या खोलीबाहेर आरडाओरडा, धक्काबुक्की झाली आणि त्याच दिवशी मोजणी बंद पडली. नियम आधी ठरले पाहिजेत हे मान्य. पण नियम राबवणारा कोणाच्या गटातला आहे, हे आधी बघायला नको का?

आणि एक सरळ प्रश्न. मग जिंकलं कोण होतं?

गोदाकाठ

हॅरिस यांच्याबद्दल शंभर टक्के सहमत. निवडणूक घेणाऱ्याने कोणाचाही प्रचार करू नये. यात दुसरी बाजू असूच शकत नाही. भाऊ गव्हर्नर होते, त्यांनी राज्याच्या निकाल-मंडळातून अंग काढून घेतलं होतं, तेवढं तरी हॅरिस यांनाही करता आलं असतं.

जिंकलं कोण, याचं उत्तर २००१ च्या नोव्हेंबरात आलं. अमेरिकेतल्या मोठ्या वृत्तसंस्था आणि वृत्तपत्रांनी एकत्र येऊन शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या संशोधन केंद्राकडून वादातली १,७५,०१० मतपत्रं तपासून घेतली. प्रत्येक कार्डावर काय दिसतं एवढंच नोंदवायचं, मग वेगवेगळी मापं लावून बघायचं.

गोर यांनी मागितलेली चार काउंटींची मोजणी पुरी झाली असती, तर बुश २२५ मतांनी जिंकले असते. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली, राज्यभरातल्या 'मत न दिसणाऱ्या' कार्डांची मोजणी झाली असती, तरी बुशच, ४९३ मतांनी. पण ज्या मतपत्रांवर एकाहून जास्त खुणा म्हणून यंत्राने बाद केली होती, ती धरून सगळ्या राज्याची मोजणी केली, तर गोर पुढे: माप कोणतंही घ्या, ६० ते १७१ मतांनी.

त्या शेवटच्या गठ्ठ्यात काय होतं बघा. काही मतदारांनी गोर यांच्या नावापुढची खूण भरली, आणि खाली 'इतर नाव लिहा' या जागेतही पुन्हा गोर असंच लिहिलं. यंत्राला दोन खुणा दिसल्या, म्हणून मत बाद. माणसाने पाहिलं तर शंकेला जागाच नाही. असं बुश यांच्या मतदारांनीही केलं होतं, गोर यांच्या जास्त. ही मतं मोजा असं कोणीच मागितलं नव्हतं. गोर यांच्या वकिलांनीही नाही. चार काउंटींच्या मागणीचा मला राग येतो तो यासाठी.

नाशिकरोडकर

माझी उभी नोकरी प्रेसमध्ये गेली, त्यामुळे त्या लोंबत्या चौकोनांबद्दल दोन शब्द लिहितो. टपाल तिकिटांच्या तावाला भोकं पाडताना वरून पिना येतात, खाली त्याच मापाची छिद्रं असलेली पट्टी असते. पिना बोथट झाल्या किंवा खालच्या छिद्रांत कागदाचा भुगा साचला की कागद तुटत नाही. फुगतो, नाहीतर एका कडेला धरून राहतो. तावावरून बोट फिरवलं तरी कळतं, खरखर लागते. मग मशीन थांबवायचं, भुगा झाडायचा, पिना बघायच्या. कागद तोच, कारागीर तोच, साफसफाई राहिली की माल खराब.

फ्लोरिडाच्या खटल्यातही हाच मुद्दा निघाला होता. मतदानाच्या खोक्यात आधीच्या निवडणुकांचे तुकडे साचले, खालचं रबर कडक झालं, तर टोचा पूर्ण आत जात नाही, असं गोर यांच्या बाजूने मांडलं गेलं. म्हणजे नुसत्या फुगलेल्या चौकोनामागेही मतदाराने नीट दाबल्याची शक्यता आहे. उलट बुश यांच्या बाजूचं म्हणणं होतं की हाताळून हाताळून कार्डं बदलतात. दोन्ही खरं आहे, हे मी अनुभवाने सांगतो. लोंबता तुकडा दोन-तीनदा यंत्रातून गेला की पडतोच. म्हणजे प्रत्येक फेरमोजणीत पुरावाच थोडा बदलतो. अशा कागदावर देशाचा अध्यक्ष ठरवायची वेळ यायलाच नको होती.

सिन्नरचे_मास्तर

काका, मशीनची बाजू पहिल्यांदाच इतकी नीट समजली.

मी मोजणीच्या टेबलावर बसलेला माणूस आहे. ईव्हीएमच्या काळात मतपत्रिका मोजायचा अनुभव कुठे, असं वाटेल, पण आपल्या नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघात अजून कागदी मतपत्रिकाच असते. शिक्का नाही, पसंतीक्रम लिहायचा. आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच. १, २, ३ असे आकडे चालतात, रोमन चालतात, देवनागरी चालतात. 'एक' असं अक्षरात लिहिलं की बाद. बरोबरची खूण केली, बाद. १ हा आकडा दोघांपुढे लिहिला, बाद. खिशातलं निळं पेन वापरलं, बाद.

यातली माणसं शिक्षक आहेत, तरी बाद मतांचा गठ्ठा चांगला जाडजूड निघतो. एखादी मतपत्रिका हातात येते, त्यावर सुंदर वळणदार अक्षरात 'एक' लिहिलेलं असतं. कोणाला मत द्यायचंय ते लहान पोरगंही सांगेल. तरी ती बादमध्ये जाते. वाईट वाटतं. पण टेबलापलीकडे उभे असलेले सगळ्या उमेदवारांचे प्रतिनिधी मान डोलावतात, कारण हा नियम मतदान केंद्रात लावलेला होता आणि त्यांनी तो आधीच वाचलेला असतो. शंकेची मतपत्रिका वेगळ्या ट्रेमध्ये जाते, निवडणूक निर्णय अधिकारी सगळ्यांसमोर बघून निर्णय देतात. फ्लोरिडात तीन-तीन माणसं भिंग लावून कार्डं उजेडाकडे धरत होती, ते छायाचित्र मीही पाहिलंय. तशी वेळ आमच्यावर येत नाही याचं कारण आम्ही हुशार आहोत हे नाही. नियम निर्दय आहे, पण आधी सांगितलेला आहे.

सिडकोची_लेक

मास्तर, तुमचा आदर ठेवून, मला हे पटत नाही. नियम आधी सांगितला की जबाबदारी संपली का? पाम बीचची मतपत्रिका बघा. दहा उमेदवार होते. वयस्कर मतदारांना अक्षर मोठं दिसावं म्हणून नावं दोन पानांवर समोरासमोर छापली आणि भोकं मधल्या एकाच रांगेत. डाव्या पानावर बुश पहिले, गोर दुसरे. पण दुसरं भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्यूकनन (कट्टर उजव्या विचारांचे, तिसऱ्याच पक्षाचे उमेदवार) यांचं, गोर यांचं तिसरं. ब्यूकनन यांना त्या काउंटीत ३,४०७ मतं पडली, राज्यातल्या इतर कुठल्याही काउंटीपेक्षा कितीतरी जास्त, आणि तिथला ज्येष्ठ ज्यू मतदार त्यांना मत देईल असं खुद्द ब्यूकनन यांनाही वाटलं नाही. एकोणीस हजारांवर मतपत्रं एकाहून जास्त भोकांमुळे बाद झाली. नमुना मतपत्रिका आधी घरोघरी पाठवली होती. म्हणजे नियमाप्रमाणे सगळं 'आधी सांगितलेलं' होतं!

ही मतं कुठल्याही फेरमोजणीत परत येत नाहीत. ब्यूकननसमोर स्वच्छ भोक आहे, ते ब्यूकननचंच मत. माझ्या आजीसारख्या बाईने चष्मा पुसत पुसत दिलेलं मत छपाईच्या मांडणीमुळे भलत्याच्या खात्यात जाणार असेल, तर मोजणीच्या बारकाव्यांत शिरण्याआधी मतपत्रिका दहा म्हाताऱ्या माणसांच्या हातात देऊन बघा.

ओझर_ते_ऑर्लँडो

इथे फ्लोरिडातून लिहितोय. भोकांची कार्डं २००१ च्याच राज्य कायद्याने गेली. आता कागदावर गोल काळा करायचा आणि स्कॅनरमध्ये घालायचा. फरक अर्ध्या टक्क्यापर्यंत असेल तर यंत्राची फेरमोजणी, पाव टक्क्यापर्यंत आला तर बाद आणि कोऱ्या दिसणाऱ्या मतपत्रिका हाताने तपासायच्या, आणि ते सबंध राज्यात. म्हणजे गोदाकाठ यांची चार काउंटींची तक्रार आता उरली नाही.

पण सिडकोताईंचा मुद्दा जिवंत आहे. २०१८ ला सिनेटच्या जागेवर रिक स्कॉट आणि बिल नेल्सन यांच्यात अशीच अटीतटी झाली, शेवटचा फरक १०,०३३. ब्रॉवर्डमध्ये मतपत्रिकेवर सिनेटची लढत डावीकडे लांबलचक सूचनांच्या खाली छापली होती. हजारो लोकांनी गव्हर्नरला मत दिलं आणि सिनेटचा रकाना कोराच सोडला. फेरमोजणीत कोरे ते कोरेच निघाले.

ॲड_गंगापूररोड

कायद्याच्या बाजूने थोडं, कारण बुश विरुद्ध गोर हा निकाल बरेचदा अर्धाच सांगितला जातो. ८ डिसेंबरला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी राज्यभर मोजणीचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती थांबवली. १२ तारखेच्या रात्री निकाल आला त्याचे दोन भाग आहेत. प्रत्येक काउंटीत वेगळं माप म्हणजे मतदारांना असमान वागणूक, यावर सात न्यायमूर्तींना गंभीर अडचण वाटली. पण मग सारखं माप लावून मोजा म्हणायचं, की आता वेळ संपली म्हणायचं? वेळ संपली म्हणणारे पाच होते. गोर यांनी १३ तारखेला पराभव स्वीकारला आणि ६ जानेवारी २००१ ला उपाध्यक्ष या नात्याने स्वतःच्याच पराभवाची मतगणना पीठासनावरून पार पाडली.

पहिला भाग मला बरोबर वाटतो, दुसरा अजिबात नाही. १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत हवाई राज्यात निक्सन १४१ मतांनी विजयी जाहीर झाले होते. प्रतिनिधींनी मतं टाकायचा दिवस उलटून गेला तरी फेरमोजणी चालू राहिली, केनेडी ११५ मतांनी जिंकले, आणि १९६१ च्या जानेवारीत उपाध्यक्ष निक्सन यांनीच केनेडींची मतं ग्राह्य धरली. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी आपल्या विरोधी मतात हा दाखला दिला होता. म्हणजे वेळ होता.

आपल्याकडे राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा वाद घटनेच्या कलम ७१ प्रमाणे थेट सर्वोच्च न्यायालयात जातो. १९६९ आठवा. पद्धत मास्तरांनी सांगितली तीच, पसंतीक्रमाची. कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, संजीव रेड्डी ३,१३,५४८ आणि आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. कोणीच कोट्याला पोचलं नाही. एकेक उमेदवार बाद करत पुढच्या पसंतीची मतं वाटली गेली आणि गिरी ४,२०,०७७ वर थांबले, रेड्डी ४,०५,४२७. निवडणुकीला आव्हान दिलं गेलं, पदावर असलेले राष्ट्रपती स्वतः न्यायालयात साक्षीला गेले, १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली. वाद गैरप्रचाराच्या आरोपावर होता. मत कशाला म्हणायचं, यावर नव्हता.

पंचवटीकर

वकीलसाहेब, वेळ होता म्हणता, पण मग थांबायचं कुठे? २०२० मध्ये जॉर्जियात सुमारे पन्नास लाख मतपत्रिका हाताने मोजल्या, नंतर पुन्हा यंत्राने मोजल्या, बायडेन ११,७७९ मतांनी पुढेच राहिले. विस्कॉन्सिनच्या दोन काउंटींत ट्रम्प यांच्या बाजूने तीस लाख डॉलर भरून फेरमोजणी मागितली, त्यात बायडेन यांचीच ८७ मतं वाढली. तरी वाद संपला का? हरलेल्याला मानायचंच नसेल तर दहा वेळा मोजा.

गोदाकाठ

जॉर्जियाचं उदाहरण मी माझ्या बाजूने घेईन. न मानणाऱ्याने मानलं नाही हे खरं, पण न्यायालयांपुढे, राज्याच्या अधिकाऱ्यांपुढे आणि ज्यांना समजून घ्यायचं होतं त्या मतदारांपुढे तीनदा तोच विजेता आला, कारण सबंध राज्य एकाच मापाने मोजलं गेलं. फ्लोरिडात पन्नास वर्षांनीही असं कोणाला म्हणता येणार नाही. आणि फरकाची जातच वेगळी आहे. फेरमोजणीने दोन-पाचशे मतं इकडची तिकडे होतात, बारा हजार होत नाहीत. ५३७ च्या वेळी मागणी रास्त होती.

सिडकोताई, मतपत्रिकेच्या मांडणीबद्दल तुमचं म्हणणं माझ्या मुद्द्याच्याही आधीचं आहे, ते मान्यच.

सिन्नरचे_मास्तर

वकीलसाहेब, एक विचारतो. मुंबई उत्तर-पश्चिमला लोकसभेत ४८ मतांनी निकाल लागला, तिथे ईव्हीएमच्या मोजणीत एक मताचा फरक होता आणि टपाली मतांनी निकाल फिरला. अशा वेळी उमेदवाराच्या प्रतिनिधीने नेमकं काय करायचं? आमच्याकडे पोरं टेबलावर भांडतात, पण कागद कोणीच देत नाही.

ॲड_गंगापूररोड

मास्तर, नेमका इथेच घोळ होतो. निवडणूक नियमांतल्या नियम ६३ प्रमाणे एकूण मतांचे आकडे वाचून दाखवल्यावर आणि निकाल जाहीर करण्याआधी फेरमोजणीचा अर्ज द्यावा लागतो. मधला वेळ फार थोडा असतो. अर्ज लेखी हवा, सगळी मतं की काही, आणि कोणत्या कारणासाठी, हे त्यात लिहिलेलं हवं. अधिकारी तो मान्य करू शकतात किंवा फेटाळू शकतात, पण कारण नोंदवावं लागतं. निकाल जाहीर झाला की त्यांच्या हातात काही उरत नाही. मग उच्च न्यायालयात ४५ दिवसांत निवडणूक याचिका. तिथे नुसतं 'फरक कमी आहे' म्हणून फेरमोजणी मिळत नाही, कोणत्या टेबलावर, कोणत्या फेरीत, काय चुकलं ते सांगावं लागतं. मुंबई उत्तर-पश्चिमची याचिकाही उच्च न्यायालयाने २०२४ च्या डिसेंबरात फेटाळली.

त्यामुळे तुमच्याकडच्या पोरांना सांगा: प्रत्येक फेरीचे आकडे स्वतःच्या वहीत उतरवा, १७-सी च्या (मतदान केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाचा नमुना) प्रतीशी ताडून बघा, कोऱ्या कागदावर अर्जाचा मसुदा सकाळीच लिहून खिशात ठेवा, आणि दिला की पोच घ्या.